पानाची मुदत

कारखान्याच्या दारावरचा सूचनाफळा आता अनेक ठिकाणी नावापुरता उरला आहे. पाळ्यांचा तक्ता, रजेची शिल्लक, पगारपत्रक, भविष्यनिर्वाह निधीचा जमाखर्च हे सारे मोबाइलच्या वा संगणकाच्या पडद्यावर पाहावयाचे, अशी व्यवस्था होत चालली आहे. फळ्यावरचा कागद जुना झाला म्हणजे पिवळा पडतो, त्याचे कोपरे फाटतात, आणि पाहणाऱ्यास आपोआप संशय येतो. पडद्यावरचे जुने पान मात्र नव्या पानाइतकेच लख्ख दिसते. समोर आलेले पान आत्ताचे आहे की कालचे, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत नाही. मग ते कोण ठरवितो? ज्या चार ओळी पानाच्या आधी येतात आणि वाचणाऱ्याला कधीच दिसत नाहीत, त्या ओळी ते ठरवितात. त्या ओळींची ओळख करून देणे, एवढाच या लेखाचा उद्देश आहे. विषय यंत्राचा असला तरी त्यात गूढ असे काही नाही. ज्याला करारनाम्याची कलमे वाचता येतात त्याला हेही वाचता येईल, अशी आमची खात्री आहे.

प्रथम पानांचे दोन प्रकार ध्यानात घेऊ. काही पाने एकदा करून ठेवलेली असतात. संस्थेचा इतिहास, घटना, कार्यालयाचा पत्ता. ही बरणीतल्या लाडवांसारखी; कोणीही मागितली तरी तीच मिळावयाची. दुसरी पाने मागणी आली म्हणजे त्या क्षणी तयार होतात. माझ्या खात्यावरची शिल्लक, आगगाडीच्या आरक्षणाची आजची स्थिती, उद्याची पाळी. ही तव्यावरच्या भाकरीसारखी. ज्याची त्याला, आणि करताक्षणीच खावयाची. या दुसऱ्या प्रकाराला डायनॅमिक, म्हणजे बदलती पाने म्हणतात. घोटाळा होतो तो बदलत्या पानाला बरणीतला लाडू समजून कोणी साठवून ठेवले म्हणजे.

आता हे साठवणे कोठे होते ते पाहू. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत वेबची कल्पना मांडली. त्या व्यवस्थेत पान मागणारा प्रोग्रॅम म्हणजे ब्राउझर, आणि पान देणारा दूरचा संगणक म्हणजे सर्व्हर. दोघांनी परस्परांशी बोलण्याची जी ठरीव रीत आहे तिला एचटीटीपी म्हणतात. ही रीत पत्रव्यवहारासारखी आहे. सर्व्हर उत्तर पाठवितो त्यात आधी एक आकडा असतो, जसे सर्व ठीक असल्यास २००. मग काही ओळी असतात, त्यांना हेडर म्हणतात. आणि त्यानंतर पानाचा मजकूर येतो. सरकारी पत्रावर जावक क्रमांक, दिनांक, ‘गोपनीय’ किंवा ‘तातडीचे’ असे शेरे असतात ना, हेडरचे काम नेमके तेच. पत्रातला मजकूर वाचणाऱ्यासाठी, शेरे ते हाताळणाऱ्यासाठी.

हाताळणारे पुष्कळ असतात. युनियनच्या कार्यालयात एखादे सरकारी परिपत्रक दर आठवड्याला लागत असेल, तर कोणी दर वेळी कामगार आयुक्तांच्या कचेरीत हेलपाटा घालीत नाही. एक प्रत टेबलाच्या खणात ठेवून देतो. ब्राउझरही तेच करतो. त्याच्या या खणाला कॅश असे नाव आहे. हा शब्द रोकड या अर्थाचा नव्हे. लपवून ठेवणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून तो आला आहे. असा एक खण प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असतो, तो खाजगी. दुसरे खण वाटेत असतात. मोठ्या संस्था आपल्या दाराशी एक ठेवतात, आणि संकेतस्थळांचे मालक देशोदेशी प्रती साठवून देणाऱ्या कंपन्यांना भाड्याने लावतात. हे खण सामाईक. एकासाठी घेतलेली प्रत तेथून दहाजणांना दिली जाते. यात गैर काही नाही. वेळ वाचतो, सर्व्हरवरचा भार हलका होतो, आणि ज्याने महिन्याचा डेटा मोजून विकत घेतला आहे त्याचे पैसे वाचतात. प्रश्न एवढाच की कोणती प्रत ठेवावी, किती वेळ ठेवावी, आणि मुदत संपल्यावर काय करावे.

या तीन प्रश्नांची उत्तरे हेडरमध्ये लिहावयाची असतात. १९९६ साली एचटीटीपीची १.० ही आवृत्ती लेखी स्वरूपात प्रसिद्ध झाली, तीत एक्स्पायर्स नावाचा हेडर होता. त्यात मुदत संपण्याची तारीख आणि वेळ लिहीत. दुधाच्या पिशवीवर लिहितात तशी. अडचण अशी की दोन्ही बाजूंची घड्याळे जुळलेली नसली तर मुदतीचा हिशेब चुकतो. म्हणून १९९७ साली आलेल्या १.१ या आवृत्तीत कॅश-कंट्रोल हा हेडर आला, आणि त्यात मॅक्स-एज हा शब्द आला. मॅक्स-एज म्हणजे जास्तीत जास्त वय, आणि ते सेकंदांत सांगावयाचे. ६० लिहिले तर एक मिनिट, ८६४०० लिहिले तर एक दिवस. दोन्ही हेडर एकाच वेळी आले तर मॅक्स-एजचा शब्द शेवटचा मानावा, असा नियम आहे. हे सर्व नियम पुढे सुधारत गेले आणि २०२२ साली आरएफसी ९१११ या दस्तऐवजात एकत्र मांडले गेले. आज प्रमाण तेच आहे.

आता या विषयातले सर्वांत महत्त्वाचे कलम सांगतो. सर्व्हरने मुदतीविषयी काहीच सांगितले नाही तर काय? पुष्कळांची समजूत असते की काही सांगितले नाही म्हणजे प्रत ठेवली जाणार नाही. ही समजूत उलटी आहे. सर्व्हर गप्प राहिला तर कॅशला अंदाजाने मुदत ठरविण्याची मुभा आहे. पान शेवटचे केव्हा बदलले ते लास्ट-मॉडिफाइड या हेडरवरून पाहावयाचे, तेव्हापासून आजवर जेवढा काळ गेला त्याचा काही अंश, साधारणपणे दहावा हिस्सा, पान ताजे समजावयाचे, असा तो अंदाज. दहा दिवसांत बदललेले नाही, तेव्हा आणखी एक दिवस बदलणार नाही, असा त्यामागचा तर्क. करारनाम्यात एखादा मुद्दा लिहिलेला नसला म्हणजे समोरचा पक्ष त्याचा आपल्या सोयीचा अर्थ लावतो, हे कामगारांना वेगळे सांगावयास नको. येथेही मौनाचा अर्थ संमती असाच लावला जातो.

याचा अनुभव आमच्या परिचयाच्या एका कारखान्यातील कामगारांना आला. तेथे पाळ्यांचा तक्ता वेबपानावर लागे. तक्ता बदलला की प्रोग्रॅम नवी फाइल लिहून ठेवी; तिच्यासोबत शेवटच्या बदलाची तारीख जाई, मुदतीची ओळ मात्र नसे. तक्ता वीस दिवस बदललेला नव्हता. सोमवारी सकाळी काही कामगारांनी तो पाहिला. त्यांच्या मोबाइलने वीस दिवसांचा दहावा हिस्सा, म्हणजे दोन दिवस, ती प्रत ताजी मानली. सोमवारी संध्याकाळी तक्ता बदलला. मंगळवारी त्याच कामगारांनी पुन्हा पान उघडले, आणि त्यांना खणातली जुनी प्रत मिळाली. ती माणसे पहिल्या पाळीऐवजी दुसऱ्या पाळीला आली व अर्ध्या दिवसाचा पगार कापला गेला. व्यवस्थापनाचे म्हणणे, आम्ही तक्ता वेळेवर बदलला. कामगारांचे म्हणणे, आम्ही तो पाहून आलो. दोघेही खरे बोलत होते. आम्ही त्या पानाचे हेडर छापून चर्चेत ठेवले. मुदत लिहिण्याचे काम पान देणाऱ्याचे, आणि ती लिहिलेली नाही, हे कागदावर दिसल्यावर कपात परत मिळाली. हेडर पाहणे अवघड नाही. संगणकावरच्या बहुतेक ब्राउझरांत एफ-१२ ही कळ दाबली म्हणजे तपासणीची खिडकी उघडते. तीत नेटवर्क या भागात प्रत्येक पानाचे हेडर वाचावयास मिळतात.

आणखी एक समजूत अशी, की पानाच्या पत्त्यात प्रश्नचिन्ह असले म्हणजे ते बदलते पान आहे हे ब्राउझरला कळते व तो प्रत ठेवीत नाही. जुन्या नियमात अशा पानांची मुदत अंदाजाने ठरवू नये असे कलम होते खरे, पण ते सर्वत्र पाळले गेले नाही, आणि आजच्या नियमांनी तसे स्पष्ट नमूद करून सर्व्हरनेच आपली इच्छा लिहून कळवावी अशी सूचना केली आहे. तेव्हा प्रश्नचिन्हावर विसंबू नये.

मग लिहावयाचे काय? येथे शब्दांचा घोळ आहे. कॅश-कंट्रोलमध्ये नो-कॅश असा एक शब्द येतो. वाचणाऱ्याला वाटते, प्रत ठेवू नका. तसा त्याचा अर्थ नाही. प्रत ठेवा, पण प्रत्येक वेळी वापरण्यापूर्वी मला विचारा, असा त्याचा अर्थ आहे. प्रत मुळीच ठेवू नका असे सांगावयाचे असेल तर नो-स्टोअर हा शब्द आहे. मस्ट-रीव्हॅलिडेट म्हणजे मुदत संपल्यावर विचारल्याशिवाय वापरू नका. सर्व्हरशी संपर्क झाला नाही तरी जुनी प्रत पुढे करू नका, त्यापेक्षा चूक झाल्याचा संदेश दाखवा. प्रायव्हेट म्हणजे ही प्रत ज्याची त्याच्याच खणात राहील, सामाईक खणात नाही. पब्लिक म्हणजे सामाईक खणातही चालेल. कायद्यातल्या शब्दाचा अर्थ व्याख्येच्या कलमात पाहावा लागतो, बोलीभाषेत नव्हे. हेही तसेच आहे.

विचारणे म्हणजे काय, तेही पाहू. सर्व्हर पानाबरोबर ईटॅग नावाच्या हेडरमध्ये एक खूण पाठवितो. त्या मजकुराचा जणू जावक क्रमांकच. पुढच्या वेळी ब्राउझर तीच खूण इफ-नन-मॅच या हेडरमध्ये घालून विचारतो, की माझ्याजवळ या क्रमांकाची प्रत आहे, तुमच्याकडे याहून वेगळी आहे काय? बदल झालेला नसेल तर सर्व्हर केवळ ३०४ हा आकडा आणि थोडे हेडर पाठवितो. मजकूर पाठवीत नाही. ३०४ म्हणजे ‘तुमच्याजवळची प्रत कायम आहे’. बदल झाला असेल तर २०० या आकड्यासह नवे पान येते. खूण नसेल तर शेवटच्या बदलाच्या तारखेवरून हाच प्रश्न विचारता येतो. या व्यवस्थेत पान कधीच शिळे मिळत नाही, आणि बदल नसताना सारे पान पुन्हा वाहून आणण्याचा खर्चही पडत नाही. पाळ्यांच्या तक्त्याला हीच व्यवस्था योग्य होती. त्या पानावर नो-कॅश एवढा एक शब्द असता तर तंटाच झाला नसता.

आतापर्यंत शिळ्या पानाविषयी बोललो. दुसरा धोका याहून मोठा आहे. तो म्हणजे एकाचे पान दुसऱ्याच्या हाती जाणे. याचे नोंदलेले उदाहरण २५ डिसेंबर २०१५ चे आहे. अमेरिकेतील व्हॉल्व्ह ही कंपनी स्टीम या नावाने संगणकावरील खेळ विकते. त्या दिवशी तिच्या दुकानावर बनावट मागण्यांचा हल्ला झाला आणि रहदारी त्यांच्या सेलच्या दिवसांतील सरासरीपेक्षा दोन हजार टक्क्यांनी वाढली. भार हलका करण्यासाठी, प्रती साठवून देणाऱ्या भागीदार कंपनीने साठवणीचे नवे नियम लावले. त्यांपैकी दुसऱ्या खेपेच्या नियमांत, ओळख पटवून आत आलेल्या ग्राहकांची पानेही सामाईक खणात ठेवली गेली. परिणाम असा, की सुमारे दीड तास काही लोकांना स्वतःच्या खात्याऐवजी परक्याच्या खात्याचे पान दिसू लागले. कोणाचा बिलाचा पत्ता, कोणाचा ईमेल, कोणाची खरेदीची यादी, कोणाच्या फोनचे शेवटचे चार आकडे. पाच दिवसांनी कंपनीने जे निवेदन केले त्यात सुमारे चौतीस हजार ग्राहकांचा उल्लेख आहे. संकेतशब्द किंवा कार्डाचे पूर्ण क्रमांक त्यात नव्हते, हे सुदैव. चोराने कुलूप फोडले नव्हते. खणात काय ठेवावे, याचा नियम चुकला होता.

हे उदाहरण पगारपत्रकाला लावून पाहा. फळ्यावर लावावयाची नोटीस आणि बंद पाकिटातून द्यावयाचे पगारपत्रक यांतला फरक आपण कधी विसरत नाही. वेबपानाच्या बाबतीत तो फरक प्रायव्हेट आणि पब्लिक या शब्दांनी लिहावा लागतो. येथे एक बारकावा आहे. ब्राउझरने आपली ओळख ऑथोरायझेशन या हेडरमधून दिली असेल, तर सर्व्हरने मुद्दाम परवानगी दिल्याखेरीज सामाईक कॅशने ते उत्तर दुसऱ्याला देऊ नये, असा नियम आहे. परंतु बहुतेक संकेतस्थळे ओळखीसाठी कुकी वापरतात, आणि कुकीला असे संरक्षण आपोआप मिळत नाही. म्हणून ‘आत येण्यास संकेतशब्द लागतो, तेव्हा पान सुरक्षित आहे’ हा युक्तिवाद पुरेसा नाही. तसेच एकाच पत्त्यावर कोणाला मराठी तर कोणाला इंग्रजी पान मिळत असेल, तर व्हेरी या हेडरमध्ये उत्तर भाषेप्रमाणे बदलते असे लिहावे लागते. नाही तर पहिल्याने मागितलेली भाषा पुढच्या सर्वांच्या वाट्यास येते.

प्रायव्हेट म्हटल्याने सारे भागत नाही, हेही सांगितले पाहिजे. घरात चौघांत एक मोबाइल असतो, ग्रंथालयात दहाजण एक संगणक वापरतात. तेथे खाजगी खणही सामाईकच झाला. एकजण आपला निधीचा हिशेब पाहून, खाते बंद करून उठतो. दुसरा बसतो, मागे जाण्याचे बटण दाबतो, आणि पहिल्याचे पान पुन्हा पडद्यावर येते. अशा पानांसाठी नो-स्टोअर हाच शब्द योग्य. तरीही तो रामबाण नव्हे. मागे जाण्याचे बटण मुळात जे पाहिले ते पुन्हा दाखविण्यासाठी आहे, आणि ताजेपणाचे नियम त्याला लागू होतीलच असे नाही. नियमांच्या दस्तऐवजातही स्पष्ट म्हटले आहे की केवळ नो-स्टोअरवर गुप्ततेसाठी विसंबू नये. म्हणून काम झाल्यावर खाते बंद करून ब्राउझरची खिडकीही बंद करावी, ही सवय आम्ही आमच्या सभासदांना लावतो.

हे ऐकून कोणी म्हणेल, मग प्रत्येक पानावर नो-स्टोअर लिहून मोकळे का होऊ नये? काही संकेतस्थळे तसे करतात. परंतु तो न्याय नाही. संस्थेचे बोधचिन्ह, अक्षरांचे वळण, पानाची सजावट ही सारी दर भेटीला पुन्हा वाहून आणावयाची, तर त्याचा खर्च पाहणाऱ्याच्या खिशातून जातो. आणि ज्याचा मोबाइल जुना व डेटा थोडा, त्याला तो सर्वांत जड पडतो. यासाठी वस्तूंची प्रतवारी केली पाहिजे. चित्रे व सजावटीच्या फाइली यांच्या नावातच आवृत्तीची खूण घालावी आणि मुदत एक वर्षाची, म्हणजे ३१५३६००० सेकंदांची द्यावी. फाइल बदलली म्हणजे नाव बदलते, आणि नवे नाव म्हणजे नवी मागणी. नाव न बदलता लांब मुदत देणे मात्र घातक. कारण एकदा दिलेली मुदत परत घेता येत नाही. सर्व्हरला कोणाच्या मोबाइलमधल्या खणात हात घालता येत नाही. सर्वांसाठी सारखे पण बदलते पान असेल, जसे पाळ्यांचा तक्ता किंवा सूचना, तर नो-कॅश आणि ईटॅग. व्यक्तिगत पण फारसे नाजूक नसेल तर प्रायव्हेट आणि नो-कॅश. पैसा, आरोग्य, ओळख यांच्याशी संबंध असेल तर नो-स्टोअर.

जुन्या संकेतस्थळांवर याशिवाय काही अवशेष आढळतात. प्रॅग्मा नावाचा हेडर १.० च्या काळातला. आजचे नियम तो कालबाह्य मानतात. पीएचपी या भाषेत लिहिलेली पुष्कळ संकेतस्थळे एक्स्पायर्समध्ये १९ नोव्हेंबर १९८१ ही तारीख पाठवितात; वेबचा जन्म होण्यापूर्वीची तारीख! पान जन्मतःच मुदतबाह्य ठरावे, हा त्यातला हेतू. काहीजण पानाच्या मजकुरातच सूचना लिहितात. पण वाटेवरचे कॅश पाकीट उघडून मजकूर वाचीत नाहीत, ते वरचे शेरे पाहतात. म्हणून जे सांगावयाचे ते हेडरमध्येच सांगावे.

आपल्यापैकी कित्येकजण पतपेढीचे, गृहनिर्माण संस्थेचे, ग्रंथालयाचे किंवा युनियनचे पदाधिकारी असाल. संस्थेचे संकेतस्थळ करून घेताना रंग आणि चित्रे यांवर तासभर चर्चा होते. हेडरविषयी कोणी विचारीत नाही. आमची विनंती एवढीच, की काम देताना चार प्रश्न लेखी विचारा. कोणत्या पानाची मुदत किती? कोणते पान सामाईक खणात जाणार नाही? कोणत्या पानाची प्रत मुळीच ठेवली जाणार नाही? आणि पान बदलले तर जुनी प्रत बाळगणाऱ्याला ते केव्हा कळेल? उत्तरे मिळाली म्हणजे एफ-१२ दाबून ताडून पाहा. पडद्यावरचे पान पाहून माणूस कामावर जातो, रजा घेतो, पैसे काढतो. त्याच्या भरवशाची किंमत पान देणाऱ्याने ओळखावी, आणि मुदत लिहून द्यावी. लिहून मागण्याचा हक्क मात्र आपला आहे. तो आपणच बजावला पाहिजे.